शुश्रूषेची परीक्षा आणि आपले आत्मकथन

दलित आत्मकथनांवर मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील भूक, गावकुसाबाहेरचे जगणे, बोली, अपमान आणि विद्रोह यांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु या आत्मकथनांतून सतत येणाऱ्या एका प्रसंगाकडे समीक्षेने म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. हा प्रसंग परीक्षेचा आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मध्ये शिक्षणासाठी एका पोरक्या मुलाने केलेली वणवण आहे. माधव कोंडविलकरांच्या ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९) मध्ये शिकून शिक्षक झालेल्या तरुणाची घुसमट आहे. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये संस्कृतचा अधिकार मिळवलेली स्त्री आहे, शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) मध्ये शाळामास्तरीण आहे, आणि किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) मध्ये डॉक्टर होणारा मुलगा आहे. कुठे मॅट्रिकचा, कुठे एम. ए. चा, कुठे वैद्यकीचा, पण निकाल लागतो, आणि त्या निकालानंतर माणसाचे जगाशी असलेले नाते बदलते. आपले आत्मकथन म्हणजे बऱ्याच अंशी परीक्षेचे आत्मकथन आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

मात्र माझ्या वाचनातल्या आत्मकथनांत एका परीक्षेचा निकाल मला सापडत नाही. तो नर्सिंगच्या परीक्षेचा. छत्रपती संभाजीनगरात भीमनगर, मुकुंदवाडी, उस्मानपुरा, कोणत्याही वस्तीत जा. एखाद्या घराच्या दोरीवर नर्सिंगचा गणवेश वाळत घातलेला दिसतो. घाटी रुग्णालयात, म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाळी बदलण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहिले तर आपल्या आयाबहिणी आत जाताना आणि बाहेर येताना दिसतात. या बायकांनी रक्ताचे, लघवीचे, मलाचे, जन्माचे आणि मरणाचे शास्त्र शिकून, त्यात उत्तीर्ण होऊन, सरकारी नोंदवहीत नाव लावून घेतले. एवढी मोठी घटना आपल्या घराघरांत घडत असताना आपल्या साहित्याला ती घटना का वाटली नाही? या लेखात मी त्याचाच विचार करणार आहे.

सुरुवात मी स्वतःपासून करतो, कारण या प्रमादात मी सामील आहे. काही वर्षांपूर्वी एका वार्षिकांकासाठी मी माझ्या शिक्षणाची हकिगत लिहिली. पहिलेच वाक्य असे होते की आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. २००६ मध्ये नागसेनवनात बी. ए. ला प्रवेश घेतला तेव्हाची खोली, खाणावळीची उधारी, वेळेवर न येणारी शिष्यवृत्ती, पुढे सेटची परीक्षा, सगळे त्यात आले. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, परिचारिका आहे. तिने तो अंक रात्रपाळीत वाचला. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, “सगळं लिव्हलंस भाऊ. माझा निकाल कुठं हाय ह्यात?”

मी गप्प झालो. माझी खाणावळीची उधारी कोण फेडत होते? अक्काच्या पहिल्या पगारातून ती फिटत होती. त्याच्याही आधी, मी नववीत असताना, तिच्या तुटपुंज्या विद्यावेतनातून माझ्या वह्या येत होत्या. घरात सरकारी शिक्क्याचे पहिले प्रमाणपत्र आले ते तिचे. पहिला नोंदणी क्रमांक तिचा. माझे वाक्य खोटे नव्हते, कारण तिच्याकडे तेव्हा पदविका होती, पदवी नव्हती. परंतु खरे वाक्य लिहूनही माणूस किती लपवू शकतो हे त्या दिवशी मला कळले. पुढे आत्मकथने पुन्हा वाचताना मी हाच प्रश्न घेऊन वाचू लागलो.

आता या व्यवसायाच्या नावाकडे पाहू. आज महाराष्ट्रात जी. एन. एम. पदविकेची परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या मराठी नावातच ‘शुश्रूषा’ हा शब्द आहे. पाठ्यपुस्तकांत, शासकीय कागदांत, गौरवाच्या भाषणांत हा शब्द पवित्र म्हणून वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. ऐकणे म्हणजे आज्ञा ऐकणे, आणि आज्ञा ऐकणे म्हणजे सेवा करणे, असा तो अर्थ सरकत गेला. मनुस्मृतीने शूद्राला कर्म नेमून दिले ते एकच: वरच्या तिन्ही वर्णांची शुश्रूषा, आणि तीही मनात असूया न आणता. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दहन झाले, त्या ग्रंथातला हा शब्द आहे. शूद्राला ही गत, तर अतिशूद्रांविषयी बोलायलाच नको.

केवळ शब्द सारखा आहे म्हणून नर्सिंगला नाक मुरडावे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे उलटे आहे. मनूच्या शुश्रूषेला प्रवेश अर्ज नव्हता, अभ्यासक्रम नव्हता, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नव्हते, वेतनश्रेणी नव्हती आणि राजीनामाही नव्हता. ती जन्माबरोबर येत होती. नर्सिंगच्या शुश्रूषेला या पाचही गोष्टी आहेत. जन्माने लादलेले काम आणि परीक्षेने मिळवलेले काम बाहेरून सारखे दिसले तरी त्यांच्यामध्ये एक दरी आहे, आणि ती दरी अक्कासारख्या बायकांनी रात्री जागून ओलांडली आहे. माझ्या मते आपल्या सामाजिक इतिहासातले हे एक मोठे स्थित्यंतर आहे. त्याची नोंद परिचर्या परिषदेच्या दप्तरात आहे, पण आपल्या साहित्यात नाही.

स्थित्यंतर किती मोठे, हे कळायला एक पिढी मागे जावे लागेल. आमची आजी गावची सुईण होती. मराठवाड्यातल्या अनेक गावांत हे काम महार-मांगांच्या बायकांकडे असे. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे रक्ताचे कपडे धुणे, हे सगळे तिने करायचे. गावातल्या मोठ्या वाड्यांतही बाळंतपणाला आजीच जाई. इथे जातिव्यवस्थेचे एक विलक्षण गणित आहे, ते आपल्या समीक्षेने मांडायला हवे. बाळंतीण सोयरात असे तोवर तिला घरातली माणसे शिवत नसत. ती स्वतःच विटाळात असल्यामुळे आजीच्या शिवण्याने आणखी विटाळायचे काही उरत नसे. बाराव्या दिवशी बाळंतीण न्हाऊन शुद्ध झाली की आजी पुन्हा ओसरीच्या खाली. ज्या बाळाला पहिला हात आजीचा लागला, ते बाळ चालू लागल्यावर आजीच्या सावलीतून बाजूला ओढले जाई. मोबदला म्हणून सूपभर जवारी आणि कधी एखादे जुने लुगडे मिळे. हा स्पर्श काही आजीच्या अधिकाराचा नव्हता. तिला तो बारा दिवस उसना मिळालेला होता.

हल्ली काही अभ्यासक पारंपरिक दाईचे फार कौतुक करतात. तिचे ज्ञान, तिचा हळुवार हात, निसर्गाशी जवळीक वगैरे. आजीच्या हाताला ज्ञान होते हे मी नाकारत नाही. परंतु नाळ विळ्याने कापली जाई आणि तिच्यावर राख लावली जाई. सातव्या-आठव्या दिवशी बाळाचा जबडा आवळला जाऊन ते दूध ओढेनासे होई. त्याला घरात सटवाईचा कोप म्हणत, आणि वैद्यकशास्त्र धनुर्वात म्हणते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये महारवाड्यातल्या कोवळ्या पोरींच्या बाळंतपणाचे जे चित्र उभे केले आहे, ते वाचल्यावर दाईविषयीचा भाबडा जिव्हाळा टिकत नाही. उपासमार आणि अडाणी हात यांनी मिळून त्या पोरींचे हाल केले. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन भारताने साधले ते २०१५ मध्ये. लस, निर्जंतुक पाते आणि शिकलेले हात या तीन गोष्टींनी ते घडवले. तेव्हा नर्सिंगच्या परीक्षेचे महत्त्व आपल्या प्रतिष्ठेपुरते नाही. आपल्याच बायका आणि आपलीच पोरे जगण्याशी तिचा संबंध आहे.

आणि ही गरज किती मोठी होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार तेव्हाच्या भारतात प्रशिक्षित परिचारिका सुमारे ७,००० होत्या. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. या दुष्काळातून १९४७ चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, पुढे १९६६ चा महाराष्ट्राचा परिचारिका कायदा आला, नर्सिंगच्या शाळा वाढल्या, आणि राखीव जागांमुळे त्या शाळांचे दार आपल्या मुलींना किलकिले झाले.

अक्का २००२ मध्ये मराठवाड्यातल्या एका सरकारी नर्सिंग शाळेत जी. एन. एम. ला लागली. तेव्हा हा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता. ती बारावी कला शाखेची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. पुस्तके इंग्रजीत, आणि पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र. सुट्टीत घरी आली की जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ती हाडांची नावे आधी देवनागरीत आणि मग इंग्रजीत लिहायची. ‘स्कॅप्युला’, ‘क्लॅव्हिकल’, ‘फीमर’. मी तिची वही धरून प्रश्न विचारायचो. ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यायचे, मिलिलिटरला २० थेंबांचा सेट, तर मिनिटाला थेंब किती? ती पाटीवर मांडायची, ४२ यायचे. माझ्या इंग्रजीचा पाया तिच्या त्या कॅलेंडरांवर घातला गेला. पहिल्या वर्षी शरीररचनेत ती नापास झाली. वडील म्हणाले, जमत नसेल तर ये माघारी, पाहुणे बघू. आईने पोळ्या बांधून तिला परत एसटीत बसवले. पुरवणी परीक्षेत ती निघाली.

त्या शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण तो दोष एका शाळेचा नव्हता. बेडपॅन आणि घाण कपड्यांची पाळी यादीत काही ठराविक आडनावांवर जास्त वेळा येई. कोणी तसे बोलून दाखवत नसे. यादी मात्र तशीच लागे. अक्का म्हणते, “काम करायला ना न्हवती. यादीला ना होती.” तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी तीन महिन्यांच्या याद्या वहीत उतरवून वॉर्डच्या प्रमुख सिस्टरपुढे ठेवल्या. पुढच्या महिन्यापासून पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागली. ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ या आपल्या समीक्षेतल्या आवडत्या संज्ञा आहेत. हा नकार आपण कोणत्या कप्प्यात ठेवणार? त्यात घोषणा नाही, काम नाकारलेले नाही. कामाची जातीप्रमाणे झालेली वाटणी नाकारली आहे, आणि तीही पुरावा गोळा करून.

शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने आधी पूर्ण नाव आणि मग गाव विचारले. हे दोन प्रश्न कोणत्या पुस्तकातले असतात हे आपल्याला सांगायला नको. मग प्रसूतिशास्त्रावरचा प्रश्न आला: वार सुटल्याची लक्षणे सांगा. अक्का सांगते की घाबरून तिला पुस्तकाचे पान आठवेना. आठवली ती आजी. “वार सुटली की नाळ लांबती, रगताचा लोट येतो आन् पोट वर येऊन दगडावानी लागतं,” असे आजी म्हणायची. अक्काने तेच तिन्ही मुद्दे, आपल्या तोडक्या इंग्रजीत, क्रमाने सांगितले. उत्तर बरोबर होते, कारण पुस्तकातही तेच होते. आजीला हे ठाऊक असून त्याबद्दल सूपभर जवारी मिळाली. अक्काला त्याबद्दल गुण मिळाले, आणि गुणांवरून प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावरून नोंदणी, नोंदणीवरून नोकरी. त्याच वेळी विळा आणि राख मात्र तिने आजीकडेच ठेवली. परंपरेतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे याचा निवाडा आपण परिसंवादांतून करत असतो. तो एका तोंडी परीक्षेत, पाच मिनिटांत, एका बावीस वर्षांच्या मुलीने केला होता.

असा अनुभव आपल्या साहित्याबाहेर का राहिला? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण, शिक्षणाविषयीचे आपले चित्र. बाबासाहेबांचा कोट, हातातले पुस्तक, पुढ्यातले टेबल. शिकणे म्हणजे मेलेली ढोरे ओढण्यापासून, येसकरकीपासून, घाणीपासून दूर जाणे, ही आपल्या चळवळीची न्याय्य शिकवण होती. महाडच्या आणि त्यानंतरच्या लढ्यांनी ती हलकी मानलेली कामे टाकायला लावली म्हणून आपण माणसांत आलो. या चित्रात मास्तर बसतो, कारकून बसतो, प्राध्यापक बसतो, साहेब तर बसतोच. शिकून पुन्हा रक्तामलाकडे जाणारी मुलगी मात्र या चित्रात बसत नाही. ती जणू मागे गेली असे आपल्याला आतून वाटते. इथे आपला वैचारिक गोंधळ झाला आहे. चळवळीने नाकारली ती सक्ती, जन्मावरून ठरणारी. रुग्णाच्या पाठीवरची जखम धुणे हे काम स्वतः हलके नाही. ते हलके आहे असे मनू म्हणतो. आपण जर नर्सबाईला आत्मकथनाच्या उंबऱ्याबाहेर ठेवत असू, तर या एका मुद्द्यावर मनूचे आणि आपले एकमत झाले आहे असे म्हणावे लागेल.

दुसरे कारण पुरुषीपणाचे आहे. आपली बहुतेक आत्मकथने पुरुषांनी लिहिली आणि समीक्षा तर त्याहून अधिक पुरुषांनी. भावाचे शिक्षण हे कथानक होते आणि बहिणीचे शिक्षण हे त्याच्या खर्चाची सोय. त्यात रात्रपाळीची बदनामी आहे. नर्स म्हटले की स्थळे परत जातात, लग्न झाले की तिच्या पगारावर घर चालते, आणि घर चालवणाऱ्या बाईविषयी लिहायला घरातल्या लिहिणाऱ्याला संकोच वाटतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) लिहून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्यांच्या जागी आणले. ते काम त्यांनी घरोघर जाऊन, विचारून केले. व्यवसायात शिरलेल्या स्त्रियांबाबत असे विचारायला आपण गेलो नाही.

तिसरे कारण समीक्षेचे आहे. वेदना जितकी उघडी तितके साहित्य अस्सल, अशी एक सवय आपल्याला लागली. नर्सिंगच्या अनुभवात वेदना आहे, पण ती बहुधा दुसऱ्याची. परिचारिका ती मोजते, तक्त्यावर लिहिते, कमी करण्याचा प्रयत्न करते. नाडी, श्वास, तापमान, रक्तदाब यांची चार तासांनी होणारी नोंद, हेही एक लेखन आहे. दुसऱ्याची वेदना नेमकी वाचणाऱ्या दलित स्त्रीसाठी आपल्याकडे समीक्षेची संज्ञाच नाही.

पांढरपेशा मराठी साहित्याने या बाबतीत काय केले? १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले. पुढे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली, तिच्यावर नाटक आले, चित्रपट आला. आनंदीबाईंच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. परंतु डॉक्टरीण होण्याची कथा सांगावीशी वाटते आणि परिचारिका होण्याची वाटत नाही, हा त्या साहित्याचा वर्णसंस्कार आहे. आपण तो न तपासता उचलला. सावित्रीबाईंचेच पाहा. ३ जानेवारीला आपण शिक्षिका सावित्रीबाईंची जयंती करतो. त्यांचा मृत्यू १० मार्च १८९७ रोजी झाला तो प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली. त्याआधी १८६३ साली सुरू झालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात आलेल्या विधवांची बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली होत. शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत. रोग्याला हात लावणाऱ्या सावित्रीबाई एका ओळीत येतात आणि जातात.

आपल्या आधीच्या पिढीने दलित साहित्याची तुलना अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याशी केली. तीच तुलना इथे पुढे न्यायला हवी. जमैकाच्या मेरी सीकोल या स्त्रीने रोग्यांची सेवा आपल्या आईकडून शिकून घेतली होती. क्रिमियाच्या युद्धात परिचारिका म्हणून जाण्यासाठी तिने लंडनमध्ये अर्ज केले, ते नाकारले गेले. ती स्वतःच्या खर्चाने गेली, आणि १८५७ मध्ये तिने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. मेरी मेहोनी ही १८७९ मध्ये बॉस्टनच्या नर्सिंग शाळेतून उत्तीर्ण झाली. प्रशिक्षण पूर्ण करणारी ती अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय परिचारिका. गोऱ्यांच्या संघटनांची दारे बंद होती म्हणून १९०८ मध्ये कृष्णवर्णीय परिचारिकांनी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि तिच्या उभारणीत मेहोनी होती. तिथे परिचारिकेचे उत्तीर्ण होणे हा वंशमुक्तीच्या इतिहासाचा भाग मानला जातो. आपल्याकडे तो अजून घरगुती मामला आहे.

हा विषय आज काढण्याला आणखी एक निमित्त आहे. परिचारिकेच्या कामाचे स्वरूप बदलते आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. रुग्णाला तपासणारी, निदान करणारी, औषध लिहून देणारी ही परिचारिका. त्यासाठी तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर प्रमाणन परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. त्याला बी. एस्सी. नर्सिंग आणि कामाचा अनुभव लागतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आणले. अडचण नसलेले बाळंतपण तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायचे आणि गुंतागुंत दिसताच डॉक्टरकडे पाठवायचे, अशी ती योजना आहे. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदाही केला.

याचा अर्थ आपण आपल्या भाषेत समजून घेऊ. इतके दिवस परिचारिकेने ऐकायचे होते. शुश्रूषा शब्दाचा मूळ अर्थच तो. ही नवी परीक्षा उत्तीर्ण होणारी स्त्री निर्णय घेणार आहे, आणि तिचा निर्णय इतरांना ऐकावा लागणार आहे. आणि बाळंतपण तर आमच्या आजीचेच काम. फक्त आजीला या दारातून प्रवेश नव्हता आणि तिच्यासारख्या कोणाही दाईला आज तो नाही. दारावर जी. एन. एम. किंवा बी. एस्सी. चे प्रमाणपत्र मागितले जाते. आजीचे काम सन्मानाने, पगारासह आणि अधिकारासह परत येत असताना त्या जागी कोण बसणार, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे. पैसे भरून खाजगी महाविद्यालयांतून येणाऱ्या मुली, की सुईणींच्या नाती? प्रवेशाची चाळणी, इंग्रजी पुस्तके, उशिरा येणारी शिष्यवृत्ती, अनुभवाची अट आणि उत्तीर्ण झाल्यावर त्या योग्यतेचे पद व वेतन, यांतल्या प्रत्येक ठिकाणी आपली मुलगी गळू शकते. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी प्राध्यापकांच्या जागांसाठी जितका आग्रह धरला तितका या जागांसाठी धरायला हवा.

महाविद्यालयांतल्या आपल्या शिक्षकांनाही मला सांगायचे आहे. बारावी झालेल्या मुलीला आपण डी. एड., बी. ए., स्पर्धा परीक्षा सांगतो. नर्सिंगची शिडी तिला आपणच नीट सांगितली पाहिजे. ए. एन. एम. दोन वर्षांची. जी. एन. एम. आता तीन वर्षांची. जी. एन. एम. नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी. एस्सी., किंवा बारावी विज्ञाननंतर थेट चार वर्षांची बी. एस्सी. त्यापुढे एम. एस्सी. किंवा वर सांगितलेली नवी प्रशिक्षणे. ही माहिती वस्तीतल्या मुलीपर्यंत बहुधा दलालाच्या पत्रकातून पोचते. ती आपल्या तोंडून पोचली पाहिजे.

आणि साहित्याचे काय? परिचारिकांनी कथा-कविता लिहाव्यात असा फतवा मी काढणार नाही. बारा तासांची पाळी करून आलेल्या बाईला लिही म्हणणे सोपे आहे. आपण लिहिणाऱ्यांनी विचारायला जावे. कोणत्या वर्षी प्रवेश घेतला, कोणता विषय राहिला, पहिले बाळंतपण कोणाचे केले, परीक्षकाने काय विचारले, पहिल्या पगाराचे काय केले. एवढे पाच प्रश्न जरी दहा घरांत विचारले तरी आपल्या आत्मकथनाच्या कल्पनेला धक्का बसेल. अशी टिपणे या त्रैमासिकासारख्या नियतकालिकांनी बोलीत, जशीच्या तशी, छापावीत.

अक्का आज एकेचाळीस वर्षांची आहे. नोकरी सांभाळून तिने पोस्ट बेसिक बी. एस्सी. पूर्ण केली आणि आता प्रसूतिसेवेच्या नव्या प्रशिक्षणाची माहिती गोळा करते आहे. रविवारी मी तिच्याकडे जातो तेव्हा ती पुस्तक माझ्या हातात देते आणि मी पूर्वीसारखे प्रश्न विचारतो. मधेच ती माझे इंग्रजी उच्चार दुरुस्त करते. त्या वार्षिकांकातला माझा लेख एका संग्रहात पुन्हा छापला जाणार आहे. त्याचे पहिले वाक्य मी बदलून पाठवले आहे. आमच्या घरात पहिली परीक्षा अक्का उत्तीर्ण झाली, तिसऱ्या वर्षाची, जी. एन. एम. ची, २००६ साली. तिच्या पगारावर मी पदवीधर झालो. हे वाक्य आता तिला वाचून दाखवायचे आहे.